नगरची मिशन शाळा



आपली सेनगावची शाळा जिल्हा परिषदेची आहे. जिल्हा परिषदा १९६२ साली सुरू झाल्या. त्याच्या फार आधी महाराष्ट्रात चर्चच्या लोकांनी, म्हणजे मिशनने, शाळा काढल्या होत्या. आपल्या मराठवाड्यातही जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाचे गाव वसवले होते. पण मी नगरच्या शाळेची माहिती लिहिते, कारण ती शाळा मुलींची होती.

त्या काळी गावात पंतोजी शिकवायचे. मुले धुळीत बोटाने अक्षरे गिरवायची. मुली मात्र घरीच. मुलगी शिकली तर तिचा नवरा मरतो असे लोक म्हणायचे. मला तर हे वाचून हसूच आले, पण तेव्हा लोकांना ते खरे वाटत होते.

अमेरिकेच्या मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ साली मिस सिंथिया फरार नावाच्या बाई अमेरिकेहून जहाजाने मुंबईला आल्या. त्यांचे लग्न झालेले नव्हते. एकट्या बाईने इतक्या लांब यायचे म्हणजे केवढे धाडस! १८३९ साली त्या नगरला गेल्या आणि १८६२ साली वारल्या तोपर्यंत तिथेच मुलींना शिकवत राहिल्या.

मिशनच्या लोकांना त्यांचा धर्मही सांगायचा होता. शाळेत बायबलच्या गोष्टी असायच्या. म्हणून आपले लेकरू बाटेल या भीतीने पुष्कळ आईबाप त्याला शाळेतून काढून घेत. पण लिहिणे, वाचणे, हिशोब हे सगळ्या जातींच्या लेकरांना शिकवीत, ही मोठी गोष्ट होती.

आता जोतिबा फुल्यांचे सांगते. वडिलांनी त्यांची शाळा बंद करून त्यांना शेतात कामाला लावले होते. तेव्हा शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोघांनी वडिलांची समजूत घातली. पोरगा हुशार आहे, त्याला शिकवा म्हणाले. मग १८४१ साली जोतिबा पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. शेजारी बोलले नसते तर काय झाले असते?

हे मी मुद्दाम लिहिते. आमच्या वर्गातली काही मुले दिवाळी झाली की आईवडिलांबरोबर कोयत्यावर जातात. हजेरीपटात नाव असते पण जागा रिकामी. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण गेल्या वर्षी उन्हाळ्यात परत आली तेव्हा तिचा भागाकार राहून गेला होता. ती गणितात माझ्यापेक्षा हुशार आहे. पालकहो, जाताना लेकरांना आजीजवळ ठेवता आले तर ठेवा ना. आणि ज्यांचे शेजारी जाणार आहेत त्यांनी मुन्शींसारखे जरा त्यांच्या घरी जाऊन बोला.

पुढे जोतिबांनी नगरला जाऊन फरारबाईंची शाळा पाहिली. ती त्यांना फार आवडली, असे त्यांनी स्वतः १८५३ साली सांगितले आहे. सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे शिकवण्याचे धडे घेतले असे सांगतात. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात फुल्यांची मुलींची शाळा सुरू झाली. ती मिशनची नव्हती, आपल्याच माणसांनी काढलेली होती. तो जुना वाडा २०२३ साली स्मारकासाठी पाडला.

फुल्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजाची मुलगी शिकत होती. तिने मांग आणि महार लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. नगरला १८४२ साली मिशननेच 'ज्ञानोदय' हे पत्र सुरू केले होते. त्यात १८५५ साली तिचा निबंध छापून आला. आमचे लेख भिंतीवर चिकटवतात. तिचा निबंध खराखुरा छापला होता, आणि तो आजही वाचायला मिळतो.

— इयत्ता चौथी