प्राथमिक डीएसएलआर कॅमेऱ्यासाठी झूम भिंगांची निवड

झूम भिंग म्हणजे ज्याचे नाभीय अंतर ठरावीक मर्यादेत बदलता येते असे छायाचित्रणाचे भिंग होय. उभे राहण्याची जागा न बदलता दूरची वस्तू चौकटीत मोठी आणता येणे हा त्याचा मुख्य उपयोग आहे. ३५ मिमी फिल्मच्या स्थिरचित्र कॅमेऱ्यासाठी बनवलेले पहिले झूम भिंग, फोक्टलँडर कंपनीचे ३६–८२ मिमी 'झूमार', १९५९ साली आले. प्राथमिक श्रेणीच्या डीएसएलआर कॅमेऱ्याबरोबर सहसा १८–५५ मिमीचे भिंग मिळते; बोलीभाषेत त्याला 'किट लेन्स' म्हणतात. मर्यादित पैशांत दुसरे भिंग कोणते घ्यावे, हा प्रश्न त्यानंतर उद्भवतो. ठाण्यातील टेंभी नाका हे ठिकाण त्या दृष्टीने उद्बोधक आहे, कारण तेथील दोन प्रसिद्ध उत्सव, दिवसाची दहीहंडी आणि रात्रीचा नवरात्रोत्सव, भिंगाकडून अगदी वेगळ्या अपेक्षा करतात.

अंतर आणि चौकट

प्राथमिक डीएसएलआरमधील संवेदक ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो. कॅननच्या अशा कॅमेऱ्यांत तो सुमारे २२.३ × १४.९ मिमी असतो. त्यामुळे २५० मिमी भिंगाचा दृश्यकोन पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावरील ४०० मिमी भिंगाइतका अरुंद होतो. निकॉनच्या बाबतीत हा गुणक १.६ ऐवजी १.५ आहे.

दहीहंडीचे उदाहरण घेऊ. २०१२ साली ठाण्यात जय जवान गोविंदा पथकाने रचलेल्या विक्रमी थराची उंची १३.३४ मीटर नोंदवली गेली. एवढा मनोरा ३५ मीटरांवरून, कॅमेरा उभा धरून, किट लेन्सच्या ५५ मिमी टोकाला जेमतेम पूर्ण मावतो. गर्दीत पुढे सरकता आले तर १८ मिमीला तो ११ मीटरांवरूनही मावतो. म्हणजे संपूर्ण मनोऱ्यासाठी नवे भिंग लागतच नाही. मात्र ३० मीटरांवरून २५० मिमीला आडव्या चौकटीत सुमारे २.७ × १.८ मीटरचा भाग येतो. वरच्या थरावरचा गोविंदा आणि त्याच्या हाताजवळची हंडी एवढेच त्यात बसते. दूरच्या झूमचा खरा लाभ येथे आहे.

प्रकाशाचा हिशेब

स्वस्त झूम भिंगाची किंमत ग्राहक उरलेल्या अर्थाने प्रकाशात मोजतो. अशा भिंगाचे छिद्र लांबच्या टोकाला सहसा एफ/५.६ किंवा एफ/६.३ पेक्षा मोठे उघडत नाही. श्रावणातील ढगाळ दुपारी हे चालते: एफ/५.६, १/५०० सेकंद आणि आयएसओ ४०० ते ८०० एवढ्यावर काम भागते. त्याच टेंभी नाक्यावर आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या नवरात्रोत्सवात रात्रीच्या रोषणाईखाली हालत्या माणसांची छायाचित्रे घ्यायची झाल्यास, १/२५० सेकंदासाठी आयएसओ १२८०० पर्यंत चढवावा लागू शकतो. प्राथमिक कॅमेऱ्यात त्या पातळीवर चित्र खरखरीत होते आणि रंग फिके पडतात.

प्रतिमा स्थिरीकरणाची सोय येथे फारशी उपयोगी पडत नाही, आणि याबाबत नवोदितांची मोठी फसगत होते. स्थिरीकरण छायाचित्रकाराच्या हाताचा कंप सावरते. नाचणारा माणूस त्यामुळे थांबत नाही. स्थिर मूर्ती किंवा आरास टिपताना मात्र त्याचा चांगला फायदा होतो. स्थिरीकरण नसल्यास २५० मिमीला १/४०० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठेवावे, असा ढोबळ नियम आहे.

रात्रीच्या उत्सवासाठी झूम नसलेले ५० मिमी एफ/१.८ भिंग अधिक योग्य ठरते. ते एफ/५.६ च्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते आणि साध्या दूरच्या झूमच्या तुलनेत सहसा महागही नसते. त्यात झूम नाही, तेव्हा पावले टाकावी लागतात; गर्दीत ती टाकता येतीलच असे नाही.

प्रचलित भिंगे

कॅननचे ५५–२५० मिमी एफ/४–५.६ आयएस हे भिंग २००७ मध्ये आले. २०१३ मधील एसटीएम आवृत्तीत केंद्रण अधिक शांत व जलद झाले. त्याच कंपनीचे ७५–३०० मिमी भिंग स्वस्त असले तरी त्यात स्थिरीकरण नाही. ५० मिमी अधिक मिळतात या मोहाने ते घेणे सहसा पस्तावण्याचे ठरते. टॅमरॉनच्या स्वस्त ७०–३०० मिमी एफ/४–५.६ भिंगातही स्थिरीकरण नाही.

निकॉनचे ग्राहक आणखी एका ठिकाणी अडखळतात. डी३००० व डी५००० मालिकांच्या कॅमेऱ्यांत केंद्रणाची मोटर नसते, म्हणून भिंगातच मोटर असलेली एएफ-एस किंवा एएफ-पी भिंगे घ्यावी लागतात. त्यांपैकी ७०–३०० मिमी एएफ-पी भिंग डी३४०० किंवा डी३५०० वर उत्तम चालते. डी३२००, डी५१०० व त्यांआधीच्या कॅमेऱ्यांवर त्याचे केंद्रण होत नाही. या भिंगाच्या स्थिरीकरण असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन आवृत्त्या आहेत. खोक्यावरील 'व्हीआर' ही अक्षरे पाहूनच खरेदी करावी.

१८–१४० मिमीसारखे एकच भिंग भिंग बदलण्याचा त्रास वाचवते. पावसात व गुलालात ही सोय लहान नव्हे. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांसाठी मात्र ३०० मिमीही बहुधा अपुरे पडते.

वापरलेली भिंगे आणि बुरशी

डीएसएलआरची जागा मिररलेस कॅमेरे घेत असल्याने वापरलेली भिंगे स्वस्तात मिळतात. मुंबईच्या फोर्ट भागातील बोरा बाजार परिसर कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी परिचित आहे. कोकणपट्टीच्या दमट हवेत भिंगांच्या काचांवर बुरशी धरते आणि ती जाळ्यासारखी पसरते. खरेदीपूर्वी छिद्र पूर्ण उघडून, एका बाजूने विजेरीचा प्रकाश टाकून दुसऱ्या बाजूने आत पाहावे. थोडी धूळ चित्रात दिसत नाही. बुरशी मात्र काचेवरील लेप खाते, आणि साफ केल्यावरही तिचे डाग राहू शकतात. झूमचे कडे फिरवून ते कुठे अडकते का, आणि भिंग खाली धरल्यावर नळी आपोआप घसरते का, हेही तपासावे. पावसाळ्यात भिंग कातडी पिशवीत न ठेवता सिलिका जेलसह हवाबंद डब्यात, ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवतात. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबाही त्यासाठी पुरतो.