दीडपटीचा हिशेब

मुकुटबनला कोलामी शब्दांची यादी करताना माझ्या संगणकात १ जीबी रॅम होती. वह्यांची स्कॅन केलेली पाने उघडली की यंत्र गुदमरे. आभासी स्मृती रॅमच्या दीडपट ठेवा, असा सल्ला मिळाला. ठेवली. ‘मेमरी अपुरी’ ही सूचना थांबली, खोळंबा तसाच. ही स्मृती म्हणजे डिस्कवरची उसनी जागा. १९६२ साली मँचेस्टरच्या ‘अ‍ॅटलस’ संगणकात ही युक्ती होती: लागेल तो तुकडा आत, बाकी ड्रमवर. फिरत्या डिस्कवरून तुकडा आणायला रॅमच्या सुमारे लाखपट वेळ लागतो. एकदम लागणारे तुकडे रॅममध्ये मावले नाहीत, तर सारा वेळ नेआणीतच सरतो. शिवाय दीडपटीचा हिशेबच उफराटा: रॅम वाढली की उसनवारी घटायला हवी! अखेर २ जीबी रॅम वाढवली. यादी पुढे सरकली. उसनी जागा मात्र ठेवली, अडीअडचणीला.