प्रयोगाच्या मत्स्यटाकीतील पाणी : तापमान कशाने मोजावे, कसे नोंदवावे



मुलाच्या कपाळावर हात ठेवून आई ताप ओळखते. पाण्याच्या बाबतीत मात्र हात फसवतो. थंड पाण्यातून काढलेला हात कोमट पाण्यात घातला की ते गरम लागते, आणि गरम पाण्यातून काढलेल्या हाताला तेच पाणी गार लागते. टाकीतील पाणी दोन अंशांनी चढले तर आपल्या हाताला पत्ता लागत नाही. माशाला मात्र तो लागतो.

मत्स्य महाविद्यालयांत आणि संशोधन केंद्रांत काचेच्या टाक्यांच्या रांगा असतात. कोणत्या खाद्याने मासा लवकर वाढतो, कोणते औषध किती द्यावे, कोणते बियाणे तग धरते, हे तेथे तपासले जाते. मग तो सल्ला आपल्या शेततळ्यापर्यंत येतो. त्यामुळे तेथील पाण्याचे तापमान नीट मोजले गेले की नाही, हा प्रश्न आपलाही आहे. आपली मुले या शाखेत शिकू लागली आहेत, आणि आपल्यापैकी काही जण आवारातील हौदात मासे वाढवू लागले आहेत. म्हणून या उपकरणांची निवड कशी करावी ते आम्ही येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

एक-दोन अंशांनी काय बिघडते?

मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. पाण्याची ऊब तीच त्याच्या अंगाची ऊब. पाणी दहा अंशांनी तापले की त्याच्या शरीराचे व्यवहार साधारण दुपटीने किंवा त्याहून जलद होतात. तो जास्त खातो आणि त्याला प्राणवायूही जास्त लागतो. पण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. गोड्या पाण्यात 20 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांला तो सुमारे 7.6 मिलिग्रॅमवर येतो. म्हणजे गरज वाढते त्याच वेळी कोठार आटते. अमोनियाचेही तसेच आहे. सामू 8 असलेल्या पाण्यात एकूण अमोनियापैकी विषारी भाग 20 अंशांला सुमारे 4 टक्के असतो, 30 अंशांला तो साडेसात टक्क्यांच्या आसपास जातो.

आता एक उदाहरण कल्पनेने घेऊ. मांडणीच्या वरच्या फळीवरील टाक्यांत नवे खाद्य दिले, खालच्या फळीवरील टाक्यांत जुने. खोलीतील गरम हवा वर जाते, म्हणून वरच्या टाक्या दीड अंशाने उबदार राहिल्या. वरचे मासे जास्त खाऊन जास्त वाढले. तापमानाची नोंद नसेल तर श्रेय नव्या खाद्याला मिळेल, आणि त्या खाद्याची पोती आपण पैसे मोजून घरी आणू. तीन महिन्यांचा प्रयोग आणि शेतकऱ्याचा पैसा दोन्ही पाण्यात!

झेब्रा मासा घ्या. मूळचा आपल्याच उपखंडातील ओढ्यांतला आणि भातखाचरांतला हा बोटभर मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो. त्याच्या अंड्यातील गर्भाची वाढ तासांवर मोजतात, आणि ते तास 28.5 अंशांच्या पाण्यातले धरलेले असतात. पाणी त्याहून गार असेल तर 24 तासांचा म्हटलेला गर्भ प्रत्यक्षात मागे पडलेला असतो. घड्याळ बरोबर असते, हिशेब चुकतो. आपल्या रोहूचेही तसेच आहे. 27 ते 30 अंशांच्या पाण्यात त्याची अंडी साधारण 15 ते 18 तासांत फुटतात, गार पाण्यात जास्त वेळ घेतात.

दोन वेळची नोंद पुरत नाही

पुष्कळ ठिकाणी सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला तापमापक पाहून वहीत आकडा लिहितात. ही सवय चांगली आहे, ती सोडू नये. पण या दोन नोंदींत रात्र सुटते.

हीटरचा तापनियंत्रक बिघडून चिकटून बसला तर हीटर बंदच होत नाही. 100 लिटर पाण्याला 100 वॅटचा हीटर सुमारे 70 मिनिटांत एक अंश तापवतो. रात्री आठ ते सकाळी सहा हे दहा तास धरले तर हिशेबाने सुमारे साडेआठ अंश होतात. बाहेर निसटणारी उष्णता वजा केली तरी उरते ती माशांच्या जिवावर उठायला पुरे. उलट, थंडीत रात्री वीज गेली तर पाणी उतरते, पहाटे वीज येते आणि दहा वाजता सारे ठीक दिसते. वही म्हणते 28. मासे मात्र रात्री 23 अंशांत काढून आलेले असतात.

कमाल-किमान तापमापक हा पहिला स्वस्त उपाय. जेम्स सिक्स या इंग्रज गृहस्थाने तो अठराव्या शतकात तयार केला. तो रात्रीचा सर्वांत चढलेला आणि सर्वांत उतरलेला आकडा दाखवतो. पण ते केव्हा घडले आणि किती वेळ टिकले, हे तो सांगत नाही. त्यासाठी ठरावीक वेळाने आपोआप नोंद करणारे यंत्र लागते. त्याला डेटा लॉगर म्हणतात. आपण त्याला नोंदयंत्र म्हणू.

नोंद वेगळी, इशारा वेगळा

खरेदीत येथेच घोटाळा होतो. नोंदयंत्र दुकानाच्या खातेवहीसारखे आहे. काय झाले ते नंतर सांगते. इशारायंत्र राखणदारासारखे आहे. घडत असताना हाक मारते. पाण्यात बुडवून ठेवायची पुष्कळ नोंदयंत्रे बाहेर काढून संगणकाला किंवा फोनला जोडेपर्यंत गप्पच असतात. अशा यंत्राने मासे वाचत नाहीत, ते का मेले एवढे कळते.

मासे वाचवायचे असतील तर तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर जाताच भोंगा वाजवणारे किंवा फोनवर संदेश देणारे यंत्र घ्यावे. ते वाय-फायवर चालणारे असेल तर आधी एक विचार करावा. वीज गेल्यावरच इशारा हवा असतो, आणि वीज गेल्यावरच वाय-फाय बंद पडते. म्हणून त्याला स्वतःची बॅटरी हवी, आणि संदेश मोबाइलच्या सिमवरून जाणारा असावा. इशाऱ्याचा संवेदक हीटरच्या नियंत्रकापासून वेगळा ठेवावा. एकाच संवेदकावर दोन्ही कामे सोपवली तर तो बिघडल्यावर हीटरही चुकतो आणि राखणदारही झोपतो.

मोजणारे टोक कोणते घ्यावे?

पाऱ्याचा तापमापक टाकीत ठेवूच नये. फुटला तर पारा पाण्यात जातो, आणि तो विष आहे. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी 2013 साली झालेल्या मिनामाता कराराला भारताने 2018 साली मान्यता दिली आहे. घरातील ताप मोजण्याचा तापमापकही येथे चालत नाही. तो माणसाच्या तापापुरताच आखलेला असतो, 28 अंशांचे पाणी त्याच्या पट्टीतच नसते. रंगीत अल्कोहोलचा काचेचा तापमापक रोजच्या नजरेसाठी ठीक आहे.

विजेवर चालणाऱ्या संवेदकांचे मुख्य प्रकार असे :

1. थर्मोकपल. भट्टीसाठी उत्तम, टाकीसाठी ढोबळ. साध्या के प्रकारात दोन अंशांपर्यंत फरक असू शकतो. एका अंशासाठी भांडणारा प्रयोग त्यावर उभा करू नये.

2. थर्मिस्टर. स्वस्त, चपळ, आणि टाकीला लागणाऱ्या तापमानात चांगला. पाण्यात बुडवायच्या पुष्कळ नोंदयंत्रांत हाच असतो, आणि चांगल्या यंत्रात फरक सुमारे 0.2 अंश राहतो.

3. प्लॅटिनमचा संवेदक, म्हणजे पीटी-100. वर्षानुवर्षे स्थिर राहतो. याचा विरोध एका अंशाला सुमारे 0.385 ओहम बदलतो. त्यामुळे दोनच तारांनी जोडला तर तारेचा एक ओहम विरोध अडीच अंशांहून अधिक चूक दाखवतो. तीन किंवा चार तारांची जोडणी मागावी.

4. डीएस18बी20 हा अंकी संवेदक. विद्यार्थ्यांचा आवडता. प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असल्याने एकाच तारेवर अनेक टाक्यांचे संवेदक बसतात. कारखान्याचा शब्द अर्ध्या अंशाचा आहे. पण बाजारात याच्या नकला फार, म्हणून प्रत्येक नग तपासल्याशिवाय वापरू नये.

खाऱ्या पाण्यात साधे स्टेनलेस स्टील गंजते. तेथे टायटॅनियमचे किंवा चांगल्या प्लॅस्टिकने मढवलेले टोक घ्यावे. तांबे, पितळ आणि जस्ताचा मुलामा पाण्याला लागू देऊ नये. तांब्याचा अंश कोळंबीला फार बाधतो.

दिसणारा आकडा आणि खरा आकडा

पडद्यावर 28.37 असा आकडा दिसला की माणूस भुलतो. पण बारीक आकडा दाखवणे वेगळे आणि खरा आकडा दाखवणे वेगळे. तागडीचा काटा बारीक हलतो म्हणून वजन खरे ठरत नाही. माप खरे असावे लागते. माहितीपत्रक वाचताना सूक्ष्मता किती हे नंतर पाहावे, अचूकता किती हे आधी पाहावे.

मापाची कसोटी घरच्या घरी होते. शुद्ध केलेल्या पाण्याचा बर्फ बारीक कुटून थर्मासमध्ये भरावा. फक्त फटी भरतील एवढेच गार शुद्ध पाणी घालावे. टोक मधोमध ठेवून हलवत राहावे. दहा-पंधरा मिनिटांनी आकडा शून्याजवळ स्थिरावला पाहिजे. मग सर्व संवेदक एकत्र बांधून 28 अंशांच्या आसपासच्या, सतत ढवळलेल्या पाण्यात प्रमाणपत्र असलेल्या एका तापमापकाशेजारी धरावेत. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून असे प्रमाणपत्र मिळते. प्रत्येक संवेदकाचा फरक वहीत लिहावा आणि नोंदीत तेवढी दुरुस्ती करावी. ही कसोटी प्रयोगाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा करावी. बजेट तोकडे असेल तर दहा महाग यंत्रांपेक्षा दहा साधी यंत्रे आणि प्रमाणपत्राचा एक चांगला तापमापक बरा.

कोठे ठेवावे, किती वेळाने नोंद घ्यावी?

टोक हीटरला चिकटून नको, पाण्याच्या पृष्ठभागालगत नको आणि उन्हाच्या तिरिपेतही नको. मधल्या खोलीवर, जेथे पाणी खेळते तेथे ठेवावे. प्रत्येक टाकीला यंत्र शक्य नसेल तर वरची, मधली, खालची, खिडकीजवळची आणि आतली अशा टाक्या निवडाव्यात. शेवाळ चढलेले टोक उशिरा प्रतिसाद देते, म्हणून आठवड्यातून एकदा मऊ फडक्याने पुसावे.

100 लिटरच्या टाकीला दर दहा मिनिटांची नोंद पुरते. दिवसाच्या 144 नोंदी होतात. ज्या यंत्रात सुमारे 42,000 नोंदी मावतात ते त्या हिशेबाने नऊ महिन्यांहून अधिक चालेल. तरी शेवटी एकदम नोंदी काढू म्हणून थांबू नये. दर आठवड्याला काढाव्यात आणि दोन जागी ठेवाव्यात. सर्व यंत्रांची घड्याळे एकाच वेळी जुळवावीत. वहीही चालू ठेवावी. पाणी बदलले, पंप थांबला, दार उघडे राहिले, हे यंत्र लिहीत नाही.

पाणी आणि वीज एकत्र आली की माणसाचाही जीव धोक्यात असतो. गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवल्याशिवाय हीटर लावू नये, आणि टाकीत हात घालण्याआधी हीटरची वीज बंद करावी.

खरेदीपूर्वी विचारावे असे पाच प्रश्न

1. आम्हाला नोंद हवी की इशारा, की दोन्ही?
2. किती अंशांच्या फरकावरून आम्ही निर्णय घेणार? यंत्राची चूक त्या फरकाहून बरीच कमी आहे का?
3. हे टोक आमच्या पाण्यात, गोड्या किंवा खाऱ्या, टिकेल का?
4. वीज गेल्यावर यंत्र चालते का, आणि बॅटरी आम्हाला बदलता येते का?
5. नोंदी साध्या तक्त्यात मिळतात, की दरवेळी विक्रेत्याकडे जावे लागते?

ज्यांच्या घरी एखाददुसरा हौद आहे त्यांना एवढा पसारा नको. एक अल्कोहोलचा तापमापक, एक कमाल-किमान तापमापक आणि एक वही एवढ्याने सुरुवात करावी. पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास आकडा लिहावा. एक वर्षाची अशी वही हाताशी असली की खाद्य केव्हा कमी करावे, पंप केव्हा जास्त वेळ चालवावा, हे आपल्याच पाण्यावरून ठरवता येते. आणि पुढच्या वेळी कोणी नव्या खाद्याची किंवा औषधाची शिफारस घेऊन आला, तर त्याला एवढेच विचारावे : प्रयोग झाला तेव्हा पाणी किती अंशांवर होते, आणि ते रात्रभर कोणी पाहिले?