जुन्या जपानी तलवारींच्या साजातील मिश्रधातू : वैज्ञानिक विश्लेषणाचे स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना :

जपानमध्ये तलवार हे केवळ शस्त्र नव्हते. ते सामुराई वर्गाच्या प्रतिष्ठेचे चिन्ह होते. तिचे पाते पोलादाचे असे. साज मात्र, म्हणजे हाताचे रक्षण करणारी परज (त्सुबा), मुठीच्या दोन टोकांवरील कडे व टोपण (फुची व काशिरा) आणि मुठीवरील शोभेचे तुकडे (मेनुकी), लोखंडाखेरीज तांब्याच्या विविध मिश्रधातूंतूनही घडविला जाई. इ. स. १८७६ मध्ये मेइजी शासनाने काही अपवाद वगळता तलवार बाळगण्यास बंदी घातली. या साजाची व्यावहारिक गरज संपली आणि असंख्य वस्तू पाश्चात्त्य संग्रहांत गेल्या. तेथे त्यांतील धातूंची ओळख बहुधा रंगावरून केली गेली. ही ओळख कितपत विश्वसनीय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रमुख मिश्रधातू :

‘शाकुदो’ या मिश्रधातूत तांब्यामध्ये साधारणतः ३ ते ५ टक्के सोने असते. ‘शिबुइची’ या नावाचा अर्थ ‘चौथा हिस्सा’ असा असून, नावाप्रमाणे त्यात एक भाग चांदी व तीन भाग तांबे अपेक्षित असते. प्रत्यक्षात चांदीचे प्रमाण बरेच कमी-अधिक आढळते. तेव्हा हे नाव निश्चित प्रमाणाचे नसून एका मिश्रधातू-कुलाचे आहे, असे मानणे अधिक योग्य ठरते.

रंगाची उत्पत्ती :

नुकतेच घासलेले शाकुदो दिसावयास तांब्यासारखेच असते. त्याचा निळसर काळा रंग रासायनिक प्रक्रियेने येतो. वस्तू स्वच्छ करून तिला मुळ्याचा कीस चोळतात आणि जंगाल, मोरचूद इत्यादी ताम्रक्षारांच्या उकळत्या द्रावणात ठेवतात. त्यामुळे पृष्ठभागावर क्यूप्रस ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर तयार होतो. शुद्ध तांब्यावर हाच थर तांबूस दिसतो. परंतु शाकुदोतील सोन्याच्या अस्तित्वामुळे तो काळा होतो. शिबुइचीवर करड्या वा तपकिरी छटा उमटतात. जडविलेले शुद्ध सोने मात्र आपला रंग टिकवून धरते. म्हणूनच एकाच द्रावणातून बहुरंगी चित्र साकार होते.

विश्लेषणाच्या पद्धती :

वस्तूला इजा न करणारी सर्वांत प्रचलित पद्धत क्ष-किरण प्रतिदीप्तीची होय. क्ष-किरणांच्या आघाताने प्रत्येक मूलद्रव्य स्वतःचे वैशिष्ट्यपूर्ण क्ष-किरण उत्सर्जित करते व त्यांवरून घटकांचे प्रमाण काढता येते. तथापि, तांब्यामध्ये ही माहिती केवळ काही दशक मायक्रॉन खोलीपर्यंतचीच असते. शिबुइचीच्या पृष्ठभागावरील तांबे आम्लप्रक्रियेत निघून गेले असल्यास चांदीचे प्रमाण वास्तवापेक्षा अधिक भासते. मुलामा किंवा जडावकाम असल्यासही निष्कर्ष चुकू शकतो. शिवाय ऑक्सिजनसारखे हलके मूलद्रव्य या पद्धतीने सहसा ओळखता येत नाही. त्यामुळे रंगीत थर कोणत्या संयुगाचा आहे, हे ठरविण्यासाठी क्ष-किरण विवर्तन वा रामन वर्णपटविज्ञान यांचा आधार घ्यावा लागतो. साध्या तांब्यावर गंधकयुक्त द्रव्याने आणलेला काळेपणा हा ताम्र सल्फाइडचा असतो. शाकुदोच्या ऑक्साइड थराहून तो वेगळा आहे, हे अशा परीक्षणात स्पष्ट होते. संपूर्ण जाडीतील धातूची रचना जाणण्यासाठी न्यूट्रॉन विवर्तन उपयुक्त ठरते. कारण न्यूट्रॉन धातूत खोलवर शिरतात. परंतु त्यासाठी मोठ्या संशोधन केंद्रातील सुविधा आवश्यक असते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, केवळ काळ्या रंगावरून एखाद्या वस्तूस ‘शाकुदो’ म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या अपुरे आहे. धातूचा गाभा आणि त्यावरील थर ही दोन स्वतंत्र प्रमाणे असून दोन्हींची साक्ष आवश्यक आहे. यांपैकी थराचे प्रमाण अत्यंत नाजूक आहे. काळेपणा म्हणजे मळ, अशा समजुतीने वस्तू घासून उजळली, तर कारागिराने योजिलेला रंग आणि त्याच्या प्रक्रियेचा पुरावा एकाच वेळी नष्ट होतो. थर नव्याने चढविता येतो; मूळ थर परत मिळत नाही. म्हणून परीक्षण आधी व स्वच्छता नंतर, हाच क्रम संग्राहक आणि संग्रहालये यांनी पाळणे अगत्याचे आहे.