दोष क्लचचा की गिअरबॉक्सचा?

श्रोतेहो, मोटारगाडीच्या दुखण्यांविषयी गॅरेजात जी वाक्ये बोलली जातात, त्यांत ‘गिअर नीट पडत नाही’ हे वाक्य फार वेळा ऐकू येते. पण इतके अपुरे वाक्यही दुसरे नसेल. वैद्यापुढे बसून रोग्याने ‘पोटात दुखते’ एवढेच सांगावे आणि गप्प राहावे, तसा हा प्रकार आहे. दुखते कोठे, केव्हा, जेवणापूर्वी की जेवणानंतर, हे कळल्यावाचून वैद्याने औषध द्यायचे कशाचे? गाडीच्या बाबतीत तर या अपुरेपणाची किंमत रोख मोजावी लागते. क्लचची केबल थोडी ताणून जे काम व्हावे, त्यासाठी अनेकदा अख्खा गिअरबॉक्स उतरवला जातो. तेव्हा गाडी उघडण्यापूर्वीच दोष कोठे आहे याचा अदमास कसा घ्यावा, याचा आज आपण विचार करू.

उदाहरण म्हणून आपल्या सर्वांच्या परिचयाची मारुती 800 घेऊ. डिसेंबर 1983 मध्ये ती रस्त्यावर आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरीही या हातातून त्या हातात जात ती अजून धावते आहे. कित्येक मध्यमवर्गीय घरांची ती पहिली मोटार. तिच्यापूर्वीच्या अँबॅसडर आणि पद्मिनी या गाड्यांत इंजिन उभे, त्यामागे गिअरबॉक्स आणि तेथून मागच्या चाकांपर्यंत लांब दांडा, अशी रचना होती. मारुतीत 796 घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन आडवे बसवलेले असते, त्याच्या कुशीला गिअरबॉक्स आणि त्याच पेटीत डिफरन्शियल. शक्ती जाते ती पुढच्या दोन चाकांना. इंजिनाच्या शेजारी गिअरबॉक्स ठेवण्याची ही रचना इटालियन अभियंते दान्ते जाकोझा यांनी 1964 च्या ऑटोबियांकी प्रिमुला या गाडीत यशस्वी करून दाखवली आणि पुढे जगभरच्या लहान गाड्यांनी ती उचलली. जागा वाचली, पण क्लच दोन पेट्यांच्या मध्ये चेपून बसला. त्याची प्लेट बदलायची तर चाकांचे दांडे काढून गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. वस्तूपेक्षा मजुरीचाच भार अंगावर येतो, म्हणून निदान आधी आणि पाने मागाहून हा नियम येथे विशेष महत्त्वाचा.

आता क्लचचे कार्य पाहू. इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्याच्यापुढे घर्षणाचे अस्तर लावलेली क्लचप्लेट, आणि तिला स्प्रिंगच्या जोराने फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पेडल सोडलेले असले की तिन्ही एकजीव होऊन फिरतात. पेडल दाबले की केबल ताणते, रिलीझ बेअरिंग स्प्रिंगला दाबते आणि मधली प्लेट सुटी होते. तेवढ्या क्षणी इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे नाते तुटते व गिअर बदलता येतो. यावरून क्लचचे दोन मुख्य दोष सहज ध्यानात येतील. धरायला हवे तेव्हा तो धरत नाही, हा एक. सोडायला हवे तेव्हा सोडत नाही, हा दुसरा.

पहिला दोष म्हणजे क्लच घसरणे. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तो इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग चढत नाही. पाठोपाठ जळका वास येतो. याची एक साधी परीक्षा आहे. मोकळ्या सपाट जागी, पुढेमागे कोणी नसताना, हातब्रेक ओढून व पायब्रेक दाबून, इंजिन मंद चालू ठेवून वरचा गिअर टाकावा आणि क्लच सावकाश सोडावा. इंजिन गुदमरून बंद पडले, तर क्लच निदान मंद गतीत तरी धरतो आहे. पेडल पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिले, तर तो खात्रीने घसरतो. ही परीक्षा एकदाच करावी, कारण तिच्यात प्लेट तापते. घसरण थोडी असेल तर मात्र ती चढावरच उघड होते. खंडाळ्याचा घाट असो की मसुरीचा, भरल्या गाडीने तेथे जाण्यापूर्वी या दोषाची शंका फेडून घेतलेली बरी.

दुसरा दोष म्हणजे क्लच पूर्ण न सुटणे. येथेच ‘गिअर पडत नाही’ या वाक्याचा उलगडा होतो. इंजिन बंद करा आणि सर्व गिअर एकेक टाकून पाहा. बंद इंजिनावर ते अलगद पडतात, पण इंजिन चालू होताच अडतात आणि रिव्हर्स टाकताना खर्र असा आवाज होतो, तर गिअरबॉक्सवर आळ घेण्याचे कारण नाही. क्लच सुटत नाही, हेच खरे दुखणे. बंद इंजिनावरही लीव्हर अडतो, तर मात्र संशयाची सुई लीव्हरच्या जोडकामाकडे किंवा गिअरबॉक्सकडे वळते.

मौज अशी, की हे दोन परस्परविरुद्ध दोष एकाच केबलमुळे उद्भवू शकतात. पेडल बोटाने दाबले असता आरंभी थोडे सैल जावे. हे अंतर किती असावे, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. अस्तर झिजत जाते तसे ते कमी होत जाते. ते अगदी नाहीसे झाले की स्प्रिंगवर सतत दाब राहतो व क्लच घसरू लागतो. उलट ते फार वाढले, किंवा केबलचे तंतू तुटू लागले, की पेडल तळापर्यंत दाबूनही क्लच सुटत नाही. म्हणून पहिली दुरुस्ती नेहमी केबलची. ती करूनही दोष उरला, तरच प्लेट झिजली आहे काय, किंवा एखाद्या सीलमधून तिच्यावर तेल उतरले आहे काय, हे पाहावे.

आता कानांची साक्ष घेऊ. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, पाय पेडलवरून काढलेला. अशा वेळी घरघर ऐकू येते आणि पेडल दाबताच थांबते, तर गिअरबॉक्सच्या पहिल्या दांड्याचे बेअरिंग संशयास्पद आहे, कारण पेडल दाबल्यावर तो दांडा थांबतो. याउलट पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर रिलीझ बेअरिंग झिजले आहे. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल, तर त्या गिअरची चाके पाहावीत. वळण घेताना पुढच्या चाकापाशी कटकट वाजत असेल, तर बहुधा चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा झिजला आहे. त्यात गिअरबॉक्सचा काही अपराध नाही. गिअर आपोआप निसटू लागला, तर मात्र चालढकल करू नये. उतारावर गिअर सुटला की इंजिनाचा आवर जातो आणि सारा भार ब्रेकवर पडतो.

यातील पुष्कळ दुखणी आपल्याच सवयींतून जन्मतात. चालत्या गाडीत डावा पाय क्लचवर टेकवून ठेवणे, चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी तोलणे, लीव्हरवर हात विसावणे. पहिल्या दोन सवयी अस्तर व बेअरिंग खातात, तिसरी गिअर सरकवणारा काटा झिजवते. ज्या नव्या गाड्यांत क्लचचे पेडलच नाही, त्यांतील काहींत क्लचप्लेट तशीच असते. फक्त पायाचे काम यंत्र करते. अशा गाडीलाही चढावर ब्रेकनेच धरावे.

तेव्हा श्रोतेहो, मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी टिपून न्याव्यात: दोष इंजिन चालू असता दिसतो की बंद असता, पेडल दाबल्यावर की सोडल्यावर, कोणत्या गिअरमध्ये, आणि गाडी थंड असता की तापल्यावर. चांगल्या मिस्त्रीला या चार उत्तरांनी निम्मी वाट मोकळी होते. आणि उतावीळ मिस्त्री गिअरबॉक्स उतरवण्यास निघाला, तर ‘आधी केबल पाहू या’ असे शांतपणे म्हणण्याचा अधिकार त्याच कागदाने आपल्याला मिळतो.