आडनावाचे बारसे

आपल्याकडे नावाने नावाच्या जागी बसावे आणि आडनावाने आडनावाच्या, अशी रीत आहे. लोकमान्यांवर महाराष्ट्राने जीव ओवाळून टाकला, पण म्हणून कोणी मुलाच्या बारशाला 'टिळक' हे नाव ठेवून शाळेत 'टिळक विष्णू जोशी' अशी नोंद केल्याचे ऐकिवात नाही. आडनाव घराण्याचे, ते उचलून परक्या पाळण्यात घालायचे म्हणजे शेजाऱ्याच्या दारावरची पाटी काढून आपल्या दाराला ठोकण्यासारखे!

जगात मात्र हा उद्योग राजरोस चालतो. इंग्रजांच्या घरी आईच्या माहेरचे आडनाव मुलाला नाव म्हणून देण्याची जुनी चाल आहे. पर्सी, सिडनी, हॉवर्ड, स्टॅन्ली ही सारी मुळात आडनावेच. अमेरिकेत थोरांची आडनावे पळवतात. १७८३ साली न्यूयॉर्कला जन्मलेल्या लेखकाचे नाव वॉशिंग्टन आयर्व्हिंग, ते जनरल वॉशिंग्टनवरून. आपल्या तमिळनाडूतही ही हौस आहे. करुणानिधींनी मार्च १९५३ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव स्टालिन ठेवले, ते त्याच आठवड्यात वारलेल्या रशियन नेत्याची आठवण म्हणून.

पण आडनावाचे नाव होऊन ते पाच खंडांत पसरावे, दर देशात त्याचा उच्चार बदलावा, आणि त्या साऱ्या प्रवासाचे एक मोठे ठाणे आमच्या शेजारी गोव्यात असावे, असे भाग्य एकाच आडनावाला लाभले. ते आडनाव म्हणजे झेवियर.

मुंबईकराला झेवियर म्हटले की माणूस आठवत नाही, धोबीतलावाजवळचे दगडी कॉलेज आठवते. ते १८६९ सालचे. तिथून बाहेर पडलेला मराठी विद्यार्थी स्वतःला ऐटीत 'झेवियराइट' म्हणवतो. परंतु त्या शब्दाचा अर्थ त्याला विचारा. बहुधा तो डोके खाजवील. अर्थ तर अगदी आपल्या ओळखीचा आहे.

स्पेनच्या उत्तरेला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी नवारा नावाचा मुलूख आहे. तिथले बास्क लोक जी भाषा बोलतात तिचे युरोपातल्या कुठल्याच भाषेशी नाते जुळत नाही. त्या भाषेत घराला 'एचे' म्हणतात आणि नव्याला 'बेरी'. एचेबेरी म्हणजे नवे घर. हा शब्द लोकांच्या तोंडी झिजला आणि त्याचा 'शाबियेर', 'शाव्येर' झाला. तिथल्या एका गढीला हे नाव पडले आणि गढीवरून घराण्याला. आपल्या वसईत नवघर आहे, मुलुंडला नवघर आहे. तिथल्या माणसाला नवघरकर म्हणावे, तसलाच हा मामला! याच शब्दाचे न झिजलेले भावंड म्हणजे एचेवेरिया हे आडनाव. १९७० ते १९७६ या काळात मेक्सिकोचे अध्यक्ष असलेले लुईस एचेवेरिया हेही या नात्याने आमचे नवघरकरच.

या गढीत ७ एप्रिल १५०६ रोजी फ्रान्सिस्को नावाचा मुलगा जन्मला. बाप हुआन दे हासो हा नवाराच्या राजदरबारी मोठ्या हुद्द्यावर होता. पण गढी त्याची नव्हे. ती आईची, मारिया दे आस्पिलकुएताची. वारसाने तिच्याकडे आली होती. तेव्हा आज जगभर गाजणारे हे आडनाव बापाचे नाही, आजोळचे आहे. त्या काळी त्या मुलखात एकाच आईबापांची मुले वेगवेगळी आडनावे लावीत. कोणी बापाचे घेई, कोणी आईचे, कोणी गढीचे. फ्रान्सिस्कोच्या वाट्याला गढीचे आले, ते बरे झाले. नाहीतर धोबीतलावावर आज 'सेंट हासो कॉलेज' उभे असते!

नाव राहिले, घर मात्र पोराच्या डोळ्यांदेखत गेले. १५१२ साली कॅस्टिलच्या फौजांनी नवारा जिंकला. तीन वर्षांनी बाप वारला. १५१६ साली बंडाची शिक्षा म्हणून गढीचे बुरूज आणि तट पाडण्याचा हुकूम सुटला. फ्रान्सिस्को तेव्हा दहा वर्षांचा होता. थोरले दोघे भाऊ नवाराच्या बाजूने लढतच राहिले. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत समोरच्या पक्षातला एक सरदार तोफेच्या गोळ्याने पायाला जबर जखमी झाला. तो इग्नेशियस लोयोला. पुढे पॅरिसच्या विद्यापीठात हा लंगडा सरदार फ्रान्सिस्कोच्या खोलीत राहायला आला. भावांच्या शत्रुपक्षातला माणूस, वयाने पंधरा वर्षांनी मोठा. आणि त्यानेच या तरुणाचे आयुष्य बदलले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी शपथ घेतली आणि त्यातून जेझुइट संघ उभा राहिला.

पाद्री झालेले फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. पुढची दहा वर्षे ते फिरतच होते: तमिळ किनाऱ्यावरचे मोती काढणारे परवर, त्रावणकोरचे कोळी, मलाक्का, मोलुक्का बेटे, १५४९ साली जपान. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या दाराशी, शांगच्वान बेटावर त्यांचा अंत झाला. वय सेहेचाळीस.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या चरित्रातली एक बारीकशी गोष्ट फार महत्त्वाची आहे. १५४५ च्या आरंभी कोचीनहून लिहिलेल्या पत्रात ते सांगतात की, त्रावणकोरच्या किनाऱ्यावर एका महिन्यात आपण दहा हजारांहून अधिक लोकांना बाप्तिस्मा दिला. कसा दिला तेही सांगतात. आधी पुरुष, मग त्यांच्या बायका-मुले. आणि प्रत्येकाच्या हाती त्याचे नवे नाव लिहून द्यायचे! किनाऱ्यावर रांग लागली आहे, आणि चिठ्ठीवर मिळालेले परके नाव घेऊन माणसे घरी जात आहेत, असे हे दृश्य. ती नावे जुन्या संतांची. त्या हजारो चिठ्ठ्यांत एक नाव मात्र असणे शक्यच नव्हते, ते म्हणजे झेवियर. ते तेव्हा नुसते एका पडक्या गढीचे नाव होते.

त्याचे नाव झाले ते असे. १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये पोपने फ्रान्सिस यांना संतपद दिले. पण फ्रान्सिस नावाचे संत आधीच होते. असिसीचा फ्रान्सिस तर घरोघर पूजला जाणारा. मग मुलाचे नाव नव्या संतावरून ठेवायचे तर ओळख पटावी म्हणून 'फ्रान्सिस झेवियर' असे जोडनावच ठेवावे लागे. आपण रामदास म्हटल्यावर 'कोणते?' असे विचारले तर 'समर्थ' म्हणतो ना, तसे. आणि ओळखीसाठी लावलेली शेपटी हळूहळू मुख्य झाली. घरात दोन फ्रान्सिस असले की एकाला नुसते झेवियर म्हणू लागले. अठराव्या शतकापर्यंत युरोपभर ही जोडनावे दिसू लागली. फ्रान्सचा राजा अठरावा लुई याचे पाळण्यातले नाव लुई स्तानिस्लास झाव्हिए. संगीतकार मोझार्टच्या धाकट्या मुलाचे नाव फ्रान्झ क्सावेर. आणि खोलीत नजरकैदेत बसून स्वतःच्या खोलीचेच प्रवासवर्णन लिहिणारा तो गमत्या सरदार झाव्हिए द मेस्त्र! ज्या संताचे आयुष्य समुद्रावर गेले त्याच्या नावाच्या माणसाने पलंग ते टेबल एवढाच प्रवास करावा, हीही मौजच.

उच्चाराची कथा आणखी न्यारी आहे. फ्रान्सिस यांच्या लहानपणी स्पेनमध्ये एक्स या अक्षराचा उच्चार 'श' असा होता. पुढच्या शे-सव्वाशे वर्षांत तो घशात उतरला आणि 'ह'च्या जवळ गेला. म्हणून आजचा स्पॅनिश माणूस 'हावियेर' म्हणतो. संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी सरचिटणीस पेरेझ दे क्वेयार यांचे नाव हावियेरच. पोर्तुगीजांनी मात्र 'श' सोडला नाही, आणि त्यांच्याकडून तो गोव्यात आला. तेव्हा गोव्याच्या एखाद्या म्हातारीच्या तोंडचे 'शाविएर' हे खुद्द संताच्या कानांना ओळखीचे वाटले असते. त्यांच्या आजच्या गाववाल्यांचे वाटले नसते. इटलीत 'साव्हेरियो', जर्मन मुलखात 'क्सावेर', पोलंडात 'क्सावेरी'. अमेरिकेत तर मूळ अक्षराचाच मोह पडून 'एक्सेव्हियर' म्हणतात. तिकडे या शतकाच्या पहिल्या दशकात हे नाव मुलांच्या पहिल्या शंभर नावांत जाऊन बसले. त्यातले कित्येक आईबाप कॅथलिक नाहीत. त्यांना संत ठाऊक नसतो, १९६३ पासून चित्रकथांत वावरणारा प्रोफेसर झेवियर ठाऊक असतो. तिथे तर ते पुन्हा आडनावच आहे!

खुद्द स्पेनमध्ये या नावावरून झालेला छळ मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. यादवी युद्धाच्या काळात, १९३८ साली, फ्रँकोच्या राजवटीने फर्मान काढले की जन्मनोंदीत स्पॅनिशखेरीज अन्य भाषेतले नाव चालणार नाही. बास्क घरातला 'शाबियेर' कचेरीत 'हावियेर' म्हणून लिहिला जाई. म्हणजे शब्द मूळचा बास्क, आणि त्याच शब्दाला बास्क रूपात यायला बंदी! फ्रँको १९७५ साली मेला; १९७७ साली कायदा बदलला. फुटबॉलच्या शौकिनांना २०१० चा विश्वचषक जिंकणाऱ्या स्पेनच्या संघातले दोन खेळाडू आठवत असतील: कॅटलोनियाचा चावी आणि बास्क मुलखातला चाबी आलोन्सो. एक १९८० चा, दुसरा १९८१ चा. आपल्या भाषेतले नाव सरकारी कागदावर लागलेल्या पहिल्याच पिढीतले हे दोघे.

आता गोव्याकडे वळू. इथे हे नाव घराघरात का शिरले याला कारण आहे ते जुन्या गोव्याच्या बॉम जेझूच्या देवळातले शव. ते १५५४ साली मलाक्क्याहून आणले गेले. गोव्याच्या सोनारांनी घडवलेली त्याची चांदीची पेटी १६३७ ची. गोवेकर त्यांना 'गोंयचो सायब' म्हणतात. १६८३ साली संभाजीराजांनी गोव्यावर चाल केली, जुवे बेट घेतले, तेव्हा घाबरलेल्या व्हाइसरॉयने ती पेटी उघडली आणि आपला राजदंड संताच्या हाती देऊन 'आता राज्य तुम्हीच सांभाळा' अशी विनवणी केली. पुढे लवकरच मराठे परतले. ते परतले त्याचे कारण मागून चालून आलेली औरंगजेबाच्या शाहजाद्याची फौज. पण श्रेय सायबाला मिळाले आणि भक्तीला भरती आली. तेव्हा या नावाच्या लोकप्रियतेत नकळत मराठ्यांचाही हातभार आहे म्हणायचे! दर दहा वर्षांनी शवाचे दर्शन खुले होते. मागचे नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये झाले. त्या रांगेत हिंदूही असतात.

आणि तरीही दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १५४६ साली याच झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन आणण्याची मागणी केली होती. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० साली, आले आणि १८१२ पर्यंत टिकले. या काळात नावांचे काय झाले? बाटलेल्या प्रभूला, कामताला, नायकाला, पैला पाद्र्याचे नाहीतर धर्मपित्याचे आडनाव मिळाले; कोणी सोझ झाले, कोणी फर्नांडिस. गावकरीच्या जुन्या दप्तरांत एकाच घराची दोन्ही नावे आजही वाचता येतात. म्हणजे ज्यांची स्वतःची आडनावे पुसली गेली, त्यांनीच दूरच्या एका गढीचे आडनाव आपल्या मुलांना प्रेमाने नाव म्हणून दिले. या प्रेमाला खोटे म्हणता येत नाही, आणि त्या पुसण्याला विसरताही येत नाही. साष्टीच्या ज्या आईने मुलाला हे नाव ठेवले तिने इन्क्विझिशनचा विचार केला नव्हता. देवी आलेले पोर वाचावे, एवढाच तिचा विचार.

देवीचा उल्लेख उगाच केला नाही. १९२४ साली साळगावात जन्मलेल्या एका मुलाचे नाव न्यूटन होते. तेही, बघा, आडनावाचेच नाव! त्याला लहानपणी देवी आल्या. आईने सायबाला नवस केला, मुलगा जगला, आणि न्यूटनच्या आधी फ्रान्सिस लागले. तेच पुढे जगप्रसिद्ध झालेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझ. आईने मुलगा पाद्री करण्याचाही नवस बोलला होता. तो काही फिटला नाही.

दक्षिणेत हे नाव आणखी एक कोलांटी मारते. तमिळ लोकांनी त्याचे 'सवेरियार' केले. झेवियर ज्या किनाऱ्यावर चिठ्ठ्या वाटीत हिंडले, तिथे सवरिमुत्तू नावाची माणसे भेटतात. अर्धे नाव बास्क, अर्धे 'मुत्तू' म्हणजे मोती! केरळात 'सेव्यर' म्हणतात. आणि तिथे बऱ्याच ख्रिस्ती घरांत ठरीव आडनाव नसते, बापाचे नावच मुलाच्या नावामागे लागते. बाप सेव्यर असला की थॉमस सेव्यर, जोसेफ सेव्यर. पुढे ही मुले परदेशी नोकरीला गेली की तिकडचा कारकून फॉर्मवर 'आडनाव' या रकान्यात मुकाट्याने झेवियर लिहितो.

आणि थॉमसला मुलगा झाला की त्याच्या नावामागे थॉमस लागते. सेव्यर त्या घरातून निघून जातो. नाहीतर आजोबांचे नाव म्हणून पुन्हा पाळण्यात येऊन पडतो.