नसलेल्या ग्रहाची कथा

ग्रह म्हटला म्हणजे तो आकाशांत असलाच पाहिजे, अशी आपली समजूत असते. परंतु कित्येक वर्षें मोठमोठ्या विद्वानांच्या ग्रहमालिकेंत वावरून पुढें नाहींसा झालेला एक ग्रह होऊन गेला. 'होऊन गेला' असें आम्हीं लिहिलें खरें. पण तो कधीं झालाच नव्हता!

पॅरिसचा ज्योतिर्गणिती लव्हेरिये यानें युरेनसच्या गतींतील फरकावरून एका अज्ञात ग्रहाचें स्थान केवळ कागदावर काढलें, आणि ता. २३ सप्टेंबर १८४६ रोजीं बर्लिनच्या वेधशाळेंत नेपच्यून त्या स्थानापासून एका अंशाच्या आंत सांपडला. एवढें यश पदरीं पडल्यावर त्याच युक्तीनें बुधाचें कोडें सोडवावें, असें त्यास वाटलें तर नवल नाहीं. बुधाच्या कक्षेंतील सूर्याचा निकटतम बिंदु हळूहळू पुढें सरकतो. इतर ग्रहांच्या आकर्षणाचा हिशेब वजा केला तरी शंभर वर्षांत ३८ विकला शिल्लक राहतात, असें त्यानें १८५९ सालीं दाखविलें. एका अंशाच्या विकला ३६००. तेव्हां ही शिल्लक किती सूक्ष्म! पण चोख हिशेबी मनुष्य एका पैचीही चूक सोडीत नाहीं. बुधाच्या आंतल्या बाजूस एखादा ग्रह किंवा ग्रहखंडांचा समूह असावा, असा तर्क त्यानें केला.

तों ऑर्जेर गांवच्या लेस्कारबोल नामक डॉक्टराचें पत्र आलें. ता. २६ मार्च १८५९ रोजीं त्यानें सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका जातांना पाहिला होता. लव्हेरिये आगाऊ न कळवितां त्याच्या घरीं जाऊन धडकला व त्यानें कसून उलटतपासणी केली. डॉक्टरसाहेब आपलीं गणितें लाकडी फळीवर मांडीत व फळी भरली कीं रंध्यानें तासून काढीत! तरी लव्हेरियेचें समाधान झालें. डॉक्टरास सरकारी बहुमान मिळाला, ग्रहास 'व्हल्कन' हें नांव मिळालें. त्याच वेळीं ब्राझीलमध्यें सूर्याचे वेध घेणाऱ्या लिए या ज्योतिर्विदानें आपणांस कांहींच दिसलें नसल्याचें सांगितलें. पण जमलेल्या बारशांत असलें बोलणें कोण ऐकतो?

आपल्या राहुकेतूंस पिंड नाहीं. ते चंद्राच्या मार्गाचे क्रांतिवृत्ताशीं होणारे छेदनबिंदु. पण त्यांवरून ग्रहण बिनचूक वर्तवितां येतें. व्हल्कनला पिंड आहे असें सांगत. मात्र २२ मार्च १८७७ रोजीं तो सूर्यबिंबावरून जाण्याचा संभव वर्तविला असतां, दुर्बिणी रोखून बसलेल्यांस कोरडें सूर्यबिंबच दिसलें. त्याच वर्षीं, नेपच्यूनच्या शोधाच्याच तारखेस, लव्हेरिये वारला. त्याची श्रद्धा अखेरपर्यंत ढळली नव्हती. १८७८ च्या जुलईंत अमेरिकेंतील खग्रास ग्रहणांत वॉटसन व स्विफ्ट यांनीं ग्रह पाहिल्याचें जाहीर केलें. इतरांस तो दिसला नाहीं.

शिल्लक मात्र खरी होती. न्यूकम यानें पुन्हां तपासून ती ३८ ऐवजीं ४३ विकला ठरविली. नोव्हेंबर १९१५ मध्यें आइनस्टाइननें गुरुत्वाकर्षणाच्या आपल्या नव्या सिद्धांतावरून बुधाचें गणित केलें. उत्तर आलें ४३. आणि त्यांत नव्या ग्रहाची गरज कोठेंच पडली नाहीं.